खोटे सांगणारा मीटर आणि किटमधला मीटर

आपल्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबसाठी मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप घ्यायचे ठरले, तेव्हा क्लबमध्ये दोन तट पडले. तयार उपकरणे घ्यावीत, की सुटे भाग असलेली किट आणून आपणच जोडावीत? मी किटच्या बाजूने हात वर केला. सरांनी कारण विचारले, तेव्हा मी म्हणालो, "शिकायला मिळते." ते म्हणाले, "हे तर सगळेच म्हणतात. नेमके काय शिकायला मिळते ते मराठी पानासाठी लिहून दे." म्हणून हा लेख.

माझे घर चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला आहे. बाबा तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. आमच्या एका बाजूला बंगालचा उपसागर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. कोसस्थलैयार नदी तिथेच समुद्राला मिळते. गच्चीवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, तरी पावसाळ्यात आमची वीज जातेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असे आजी म्हणते. आजीला दमा आहे. त्रास वाढला की तिला नेब्युलायझर लागतो आणि तो विजेवर चालतो. म्हणून घरात इन्व्हर्टर आहे.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा मी आठवीत होतो आणि क्लबमध्ये नुकताच आलो होतो. इन्व्हर्टरची बॅटरी चार वर्षांची झाली होती. ओळखीचा इलेक्ट्रिशियन ती बदला म्हणत होता. बाबा मला म्हणाले, "तू क्लबमध्ये आहेस ना? मग बघ मोजून." घरात एक स्वस्तातला पिवळा मीटर होता. मी सगळे पुस्तकाप्रमाणे केले. इन्व्हर्टर बंद करून बॅटरीला तासभर विश्रांती दिली, कारण चार्जिंग चालू असताना मोजलेला आकडा उपयोगाचा नसतो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीनंतर साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली की पाव भाग उरली असे समजतात आणि ११.८ च्या खाली ती रिकामीच धरायची. मीटरवर १२.५८ आले.

मीटर बरोबर आहे ना, हेही मी तपासले होते. क्लबमधला १ किलोओहमचा रेझिस्टर माझ्या कंपास पेटीत होता. तो लावला तर ९९८ ओहम आले. म्हणजे मीटर चोख. मी बाबांना सांगितले, "बॅटरी ठणठणीत आहे. पोंगलपर्यंत बघायला नको." त्यांनी माझ्या शब्दावर नवी बॅटरी घेणे पुढे ढकलले.

३ आणि ४ डिसेंबरला मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई बुडाली, हे सर्वांनी बातम्यांत पाहिले असेल. मी तेव्हा इथे शाळेत होतो. एन्नोरला वीज गेली आणि आमचा इन्व्हर्टर वीस मिनिटांत बंद पडला. रात्री आजीला धाप लागली. खाली पाणी भरलेले, रिक्षा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बाबा आणि वरच्या मजल्यावरचे अण्णा यांनी तिला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेले, कारण त्यांचा इन्व्हर्टर चालू होता. त्यांच्या घरच्या पाटीने, म्हणजे त्यांच्या आजीने, रात्रभर आमच्या आजीची पाठ चोळली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आजी सुखरूप राहिली. मला हे १० तारखेला, रविवारच्या फोनवर कळले. बाबा बॅटरीबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

पाणी ओसरल्यावर मेकॅनिकने बॅटरी पाहिली. तिचा एक सेल गेलेला होता. मग दिवाळीत माझ्या मीटरला तो का दिसला नाही? माझेच काहीतरी चुकले असेल असे मी पाच महिने धरून चाललो होतो.

मे महिन्याच्या सुट्टीत बाबा मला रिची स्ट्रीटला घेऊन गेले. अण्णा सालईजवळची ही गल्ली म्हणजे चेन्नईची तपकीर गल्ली. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड समजावा. एन्नोरहून लोकलने सेंट्रलला उतरायचे आणि पुढे थोडे अंतर. तिथे मला मल्टिमीटरचे किट मिळाले. आत एक छापील बोर्ड होता, त्यावर काळ्या लाखेच्या ठिपक्याखाली आधीच बसवलेली चिप. बाकी सगळे सुटे: रेझिस्टर, कपॅसिटर, काचेचा डिस्प्ले, रबराची एक पट्टी, गोल स्विच, दोन स्प्रिंगा आणि दोन छोट्या पोलादी गोळ्या. गोळ्या कशासाठी हे मला कळेना. स्विच फिरवताना जो 'टक टक' आवाज येतो, तो त्या गोळ्या खाचेत बसल्याचा असतो. यातली एक गोळी कॉटखाली गेली आणि ती शोधण्यात एक दुपार गेली.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. सोल्डरिंगचा वास आल्यावर आजी म्हणाली, "डाख लावतोयस होय? आमच्याकडे घागरींना डाख लावायला माणूस यायचा." तिने पाहून सांगितलेली गोष्ट सोल्डरिंगच्या पुस्तकातही आहे: आधी भांडे तापवायचे, मग डाख. धातू थंड असताना वरून सोल्डर सोडले तर ते थेंबासारखे बसते आणि आत पकडत नाही. त्याला कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात. माझे असे तीन जोड निघाले.

जोडून झाल्यावर मीटर चालू केला, तर आकड्यांच्या मधली आडवी रेघ उमटत नव्हती. डिजिटल आकडा सात रेघांचा असतो. मधली रेघ गेली की ८ चा ० दिसतो. डिस्प्लेची काच आणि बोर्ड यांच्यामध्ये तारा नसतात, ती रबराची पट्टी असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे पातळ थर आळीपाळीने असतात, म्हणून तिला झेब्रा पट्टी म्हणतात. मी ती बोटाने धरली होती, बोटाचे तेल लागले होते. पुसून पुन्हा बसवली आणि रेघ आली. तयार मीटरवर कधी ८० च्या जागी ०० दिसले असते, तर मी ते खरेच मानले असते.

यानंतर कॅलिब्रेशन. बोर्डावर एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून मीटरला खऱ्या आकड्यावर आणायचे. पण खरा आकडा कोणता? बाबांच्या वर्कशॉपमध्ये एक चांगला मीटर आहे. त्यावर दरवर्षी तपासणीची तारीख असलेला स्टिकर लागतो. तो ज्या प्रयोगशाळेत तपासला जातो, तिची उपकरणे तिच्याहून अचूक उपकरणांशी ताडलेली असतात आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. देशाचा प्रमाण व्होल्ट तिथे सांभाळला जातो. बाबांनी परवानगी काढून माझा मीटर तिकडे नेला. एका साध्या पेन्सिल सेलवर त्यांचा मीटर १.५६२ दाखवत होता. त्यांनी स्क्रू फिरवून माझ्या मीटरवर १५६२ मिलिव्होल्ट आणले. दिल्लीच्या व्होल्टचे माझ्या पिवळ्या डबीशी असे दूरचे नाते जुळले.

त्या रात्री मी जुना आणि नवा मीटर एकाच मोबाइल चार्जरवर लावले. नवा म्हणाला ५.०२. जुना म्हणाला ५.४०. जुन्याच्या पोटातली ९ व्होल्टची बॅटरी काढून नवी घातली. आता जुनाही ५.०३ म्हणाला.

मीटरची स्वतःची बॅटरी मरायला टेकली होती. मला वाटायचे, बॅटरी उतरली की मीटर कमी दाखवेल किंवा बंद पडेल. तो जास्त दाखवतो! हे का होते, ते किटच्या सर्किटचा नकाशा समोर असल्यामुळेच मला समजले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण सरांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

अशा बहुतेक स्वस्त मीटरांत ७१०६ या जातीची चिप असते. मूळ रचना इंटरसिल कंपनीची, १९७० च्या दशकातली. ही चिप थेट व्होल्ट मोजत नाही, ती वेळ मोजते. नळाखाली बादली ठेवली आहे असे समजा. नळ किती सोडला आहे ते माहीत नाही. १००० आकडे मोजेपर्यंत बादली भरू द्यायची. मग नळ बंद करायचा आणि तळाचे भोक उघडायचे. भोकातून पाणी ठरावीक वेगानेच जाते. बादली रिकामी व्हायला किती आकडे लागले, त्यावरून नळ किती सोडला होता ते कळते. चिपमध्ये बादलीच्या जागी कपॅसिटर असतो, नळ म्हणजे आपण मोजत असलेला व्होल्टेज आणि भोक म्हणजे चिपचा स्वतःचा १०० मिलिव्होल्टचा संदर्भ. यातली गंमत म्हणजे बादली थोडी लहानमोठी असली किंवा आकडे मोजणारा थोडा हळू मोजत असला, तरी उत्तर बदलत नाही, कारण भरताना आणि रिकामी करताना बादली तीच आणि मोजणारा तोच. फक्त भोक बदलून चालत नाही.

२० व्होल्टच्या रेंजवर आत येणारा व्होल्टेज आधी शंभराने भागला जातो. १२.६० व्होल्टचे १२६ मिलिव्होल्ट होतात. संदर्भ १०० असला की रिकामे व्हायला १२६० आकडे लागतात आणि पडद्यावर १२.६० येते. आता हा १०० मिलिव्होल्टचा संदर्भ चिप मीटरच्याच बॅटरीतून तयार करते. बॅटरी ९ वरून ८ वर आली तरी चिप तो स्थिर ठेवते. बॅटरी साधारण ७ व्होल्टच्या खाली गेली की तिला ते जमत नाही आणि संदर्भ घसरतो. भोक लहान झाले. बादली रिकामी व्हायला जास्त वेळ लागणार, म्हणजे आकडा वाढणार. समजा संदर्भ ९३ वर आला आणि समोरची बॅटरी प्रत्यक्षात ११.७ व्होल्ट आहे. ११७ भागिले ९३, म्हणजे १.२५८. पडद्यावर १२.५८! दिवाळीत चूक नेमकी याच मापाची होती का, हे आता कळायला मार्ग नाही, कारण त्यानंतर मीटरची बॅटरी आणखी उतरली असणार. पण हिशेब हाच.

मग तो रेझिस्टर बरोबर कसा आला? मी याच प्रश्नावर सर्वांत जास्त अडलो. नकाशा पाहिल्यावर दिसले की ओहम मोजताना चिप १०० मिलिव्होल्टचा संदर्भ वापरतच नाही. मीटरमधला माहितीचा रेझिस्टर आणि आपला रेझिस्टर यांतून एकच करंट जातो आणि दोघांवरच्या व्होल्टेजचे गुणोत्तर काढले जाते. बॅटरी उतरली तर दोन्ही सारखेच कमी होतात आणि गुणोत्तर तेच राहते. म्हणजे मी ज्या परीक्षेवरून मीटरला पास केले, त्या परीक्षेत हा आजार दिसणे शक्यच नव्हते. मेसचे दूध चांगले आहे की नाही हे साखर चाखून ठरवावे, तसे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मीटर अचूक असता तरी नुसत्या व्होल्टवरून बॅटरीची पूर्ण तब्येत कळत नाही. तिच्यावर भार टाकून व्होल्टेज किती पडतो ते पाहावे लागते, किंवा हायड्रोमीटरने प्रत्येक सेलच्या ॲसिडची घनता तपासावी लागते. मी यातले काहीच केले नव्हते. ११.७ दिसले असते तर मात्र मी 'ठणठणीत' म्हणालो नसतो.

किट जोडल्यामुळे आणखी एक गोष्ट कळली, तीही आकड्यातच सांगतो. ९ व्होल्टच्या बॅटरीला १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा. प्रत्येकावर ४.५ व्होल्ट यायला हवेत. माझ्या मीटरवर ३ येतात. बोर्डावरचे भागाकार करणारे रेझिस्टर मी स्वतः बसवले होते, त्यांची बेरीज १ मेगाओहम होते. म्हणजे मोजायला गेलो की मी त्या सर्किटला तिसरा रेझिस्टर जोडतो आणि मोजायची गोष्टच बदलते. चांगल्या मीटरात ही बेरीज सहसा १० मेगाओहम असते, त्यावर साधारण ४.३ येतात. दहावीच्या पुस्तकात व्होल्टमीटरचा रोध फार मोठा असावा असे एक वाक्य आहे. ते वाक्य मला पाठ होते.

पालकांना वाटेल की किट स्वस्त पडते. मीटरच्या बाबतीत तसे नाही. माझ्या किटच्या पैशांत तयार मीटर आला असता, कदाचित दहावीस रुपये उरलेही असते. पूर्वी हिशेब उलटा होता. अमेरिकेत हीथ नावाच्या, मुळात विमाने करणाऱ्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेले इलेक्ट्रॉनिक सामान विकत घेतले आणि १९४७ मध्ये त्यातून ऑसिलोस्कोपचे किट काढले. तेव्हा तयार ऑसिलोस्कोप सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. पुढे हीथकिट या नावाने हजारो लोकांनी आपापल्या टेबलावर उपकरणे जोडली. जोडणीची मजुरी गिऱ्हाईकाची, म्हणून किंमत कमी. आता जोडणी यंत्र करते आणि माणसापेक्षा स्वस्त करते. त्यामुळे किंमत हे कारण आज धरून बसू नये.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर हैदराबादचे अशर फरहान. त्यांनी बिटेक्स हा घरी जोडता येणारा हॅम रेडिओ रचला आणि अँटेना तपासण्यासाठी अँटुइनो हे उपकरणही. दोन्हींचे नकाशे सर्वांसाठी खुले आहेत. नकाशा खुला असणे हे मला किटचे सर्वांत मोठे बळ वाटते. तयार मीटर बिघडला की आपण तो टाकतो. किटचा बिघडला की कुठे पाहायचे ते माहीत असते. एन्नोरच्या खाऱ्या हवेत तांबे लगेच कळंकते. गेल्या वर्षी माझा मीटर मध्येच शून्य दाखवू लागला, तेव्हा स्विचखालच्या पट्ट्या हिरव्या झाल्या असणार हे मी उघडण्याआधीच ओळखले. इरेझरने घासल्या, मीटर चालू. आता डबीत बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी ठेवतो.

किट कुठे वापरू नये हेही सांगतो, कारण ज्युनियर कॅडेट हे वाचतील. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर मी माझा मीटर लावत नाही. चांगल्या मीटरवर कॅट दोन, कॅट तीन असे सुरक्षेचे दर्जे छापलेले असतात आणि तसे ते तपासलेले असतात. माझ्या डाखाची अशी तपासणी कोणी केलेली नाही. शिवाय स्वस्त मीटरच्या १० ॲम्पियरच्या भोकामागे फ्यूज नसतो, नुसती जाड तार असते. ती मी स्वतः बसवली, म्हणून मला माहीत आहे. प्रोब त्या भोकात विसरून कोणी सॉकेटमध्ये घातली, तर ते थेट शॉर्ट सर्किट आहे.

त्यामुळे क्लबबद्दल माझे मत असे. एक चांगला, प्रमाणपत्र असलेला तयार मीटर घ्यावा आणि तो कपाटात ठेवावा. विजेच्या लाइनचे काम सरांच्या देखरेखीखाली त्यानेच व्हावे आणि बाकीचे मीटर त्याच्याशी ताडावेत. बाकीचे सगळे किटचे असावेत, प्रत्येकाने आपले जोडावे. ऑसिलोस्कोपसाठी डीएसओ १३८ हे छोटे किट पुरेल. ते सेकंदाला दहा लाख वेळा व्होल्टेज टिपते आणि साधारण २०० किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी दाखवते. बिगुलचा सूर मायक्रोफोनमधून त्यावर छान दिसेल. एफएम रेडिओची लहर दिसणार नाही, ती अपेक्षा कोणी ठेवू नये.

घरी आता नवी बॅटरी आहे. दोन्ही मीटरांच्या पाठीवर मी पट्टी चिकटवून बॅटरी घातल्याची तारीख लिहिली आहे. सुट्टीत मी इन्व्हर्टरपाशी बसलो की आजी आतून विचारते, "आधी त्या मीटरची बॅटरी बघितलीस का?"

सरांनी होकार दिला तर पहिल्या खेपेला आठ किट लागतील. २५ वॅटच्या चार सोल्डरिंग आयर्न क्लबमध्ये आहेत, म्हणजे दोघांत एक. ६०-४० चे सोल्डर आणावे लागेल. त्यात शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि काम झाल्यावर हात धुऊनच मेसमध्ये जायचे. पोलादी गोळ्या मात्र कोणीतरी आधीच मोजून वाटीत काढून ठेवा.